सगळ्यांसारखं गायचं

रस्त्यापलीकडे उभी राहून आपली मुलगी आपलीच नक्कल करते आहे, हे तिच्या चटकन लक्षात आलं नाही. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभी होती. एका गृहस्थांच्या नव्या चष्म्याची काडी गरम हवेवर धरून कानामागे नीट बसेल इतकी वाकवायची होती, आणि काडी मऊ होईपर्यंत करण्यासारखं काही नसतं म्हणून तिनं सहज काचेबाहेर पाहिलं. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर तिची धाकटी बहीण बसली होती आणि बहिणीपुढे कुणी बाई जराशी वाकून, मान डावीकडे कलती करून, हातात नसलेली मोजपट्टी डोळ्यांसमोर धरून उभी होती. सोशिक, थोडीशी शिष्ट, कंबर दुखत असूनही ते कुणाला कळू न देणारी. ही बाई आपण कुठंतरी पाहिली आहे असं तिला वाटलं, आणि हसू आलं. मग त्या बाईनं समोरच्या नसलेल्या गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली दोन बोटं लावून त्याचा चेहरा सरळ केला. हसू ओठांवर होतं तिथंच राहिलं. हनुवटीखाली दोन बोटं लावणं ही तिची सवय. दुकानात दुसरं कुणी असं करत नसे. ती उभी असलेली बाई म्हणजे भिंगरी होती, तिची अठरा वर्षांची मुलगी, आणि भिंगरी जिची नक्कल करत होती ती बाई म्हणजे ती स्वतः. धाकटी हसून हसून पायरीवर आडवी व्हायची बाकी राहिली होती.

"अहो, जळका वास येतोय," समोरचे गृहस्थ म्हणाले. काडीचं टोक वितळून गोगलगाईसारखं झालं होतं. "नवी काडी लावून देते," ती म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं."

दुकान बंद झाल्यावर तिघी चालत घरी निघाल्या. तिनं मुद्दाम हलक्या आवाजात विचारलं, "कशाला हसत होतात गं एवढं?" धाकटी म्हणाली, "काही नाही ताई, असंच." आणि भिंगरीकडे बघून पुन्हा ओठ मिटले. त्या 'असंच'नं तिच्या पोटात जे दुखलं ते घरी पोचेपर्यंत दुखत राहिलं. नक्कल वाईट असती तर तिला राग आला असता, आणि राग परवडतो, चार भांडी आपटली की संपतो. पण नक्कल हुबेहूब होती. क्षणभर तीच फसली होती, तिनंच त्या बाईला ओळखलं नव्हतं. पोरीच्या अंगात हे एवढं आहे हे तिला रस्त्याच्या अलीकडून, काचेच्या आतून कळावं आणि पलीकडे ते धाकटीला पायरीवर बसून फुकटात मिळावं, हे तिला सोसवत नव्हतं. मला दाखवली असती तर मी हसले नसते का? असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर माहीत असल्यामुळे रस्ता ओलांडताना उगाचच भिंगरीचा दंड धरला. भिंगरीनं तो अलगद सोडवून घेतला. मोठ्या मुली सोडवून घेतात तसा.

धाकटी विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकवत असे. त्याआधी बरीच वर्षं तिनं रंगमंचावर कामं केली होती. गाणारी, नाचणारी, मुख्य पात्राची मैत्रीण किंवा मुख्य पात्राची सवत. लोक अजूनही रस्त्यात तिला थांबवून विचारत, "तुम्ही त्याच ना?" आणि मोठी बहीण बरोबर असली तर तिच्याकडे बघून म्हणत, "ह्या कोण?" धाकटी म्हणे, "ही माझी ताई. आमच्या घरात खरी गाणारी ही." लोक नम्रपणे हसत. धाकटीच्या त्या मोठेपणाची तिला चीड येई, कारण ते खोटं नव्हतं. लहानपणी दोघी एकाच खोलीत झोपत, एकाच चादरीवरून भांडत, आणि अंधारात दोन्ही पलंगांवरून गात. धाकटीचा सूर तिच्या सुराला धरून चाले, आंधळ्यानं खांद्यावर हात ठेवून चालावं तसा. पुढं संगीत नाटक शिकवणाऱ्या एका शाळेच्या ऑडिशनला ती स्वतः गेली होती, आणि तिची निवडही झाली होती. ही गोष्ट घरात कुणी फारशी काढत नसे, कारण त्यापुढं सांगण्यासारखं काही नव्हतं. वडील "जा की" म्हणाले होते. आई "पत्र लिहीत जा" म्हणाली होती. आणि तीच गेली नव्हती. तिथं जमलेली मुलं तिला आठवत होती. त्यांना ते सगळं इतक्या उघडपणे, इतक्या निर्लज्जपणे हवं होतं की ते बघून तिला कपडे सावरावेसे वाटले होते. आपल्यालाही तसंच हवं आहे हे कुणाला दिसलं तर, या भीतीनं तिनं ते नकोच म्हणून टाकलं आणि चष्म्यांचा अभ्यासक्रम घेतला, ज्यात हवंसं वाटण्यासारखं काही नव्हतं. पुढं धाकटी गेली; निर्लज्जपणे गेली. कुणी अडवलं असतं, बळजबरीनं लग्न लावून दिलं असतं, आजारी आईच्या उशाशी बसवलं असतं तर तिच्या मत्सराला टेकायला एखादी भिंत तरी मिळाली असती. तिच्यावर अन्याय झाला नव्हता. तिच्या जळण्याला लाकूडच नव्हतं, आणि तरी ते विझत नव्हतं.

आता भिंगरीपुढे दोन वाटा होत्या. एक, धाकटीचा नाट्यविभाग. घरापासून बसनं अर्ध्या तासावर, अभिनयाबरोबर भाषा, इतिहास वगैरे विषय, हातात रीतसर पदवी. दुसरी, लांबच्या शहरातली संगीत नाटकाची लहानशी शाळा. तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त गाणं, नाच आणि अभिनय, मोजकी मुलं, आणि त्यातल्याही काहींना वर्षाअखेरी घरी पाठवतात अशी ख्याती. जेवताना रोज हाच विषय. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. तो म्हणाला, "आमच्या धंद्यात बरं असतं. दोनच बटणं, वर नाही तर खाली."

"बाबा, जोक नको ना," भिंगरी म्हणाली. "मावशी म्हणते इथंच ये. पहिल्या वर्षापासून नाटकात घेता येईल म्हणते."

"मावशी म्हणणारच," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तिला तू जवळ असावीस असं वाटणारच. पण तू स्वतःचा विचार कर. पदवी काय, पुढंही घेता येते. अंग लवतंय, गळा घडतोय, तेव्हाच तालमीत पडावं लागतं. इथं तू मावशीची भाची म्हणून राहशील. तिकडं तुला कुणी ओळखत नाही, ते खरं काय ते सांगतील." ती बोलत गेली आणि बोलता बोलता तिला दिसलं की आपण जे सांगतोय ते अगदी बरोबर आहे. शब्द न् शब्द बरोबर होता. आणि त्यातला एकही शब्द भिंगरीसाठी नव्हता. मुलगी लांब गेली तर तिचीही राहणार नव्हती, पण धाकटीची तर मुळीच राहणार नव्हती. रोज सकाळी घरातून उठून त्या दुसऱ्या बाईच्या वर्गात जाणार नव्हती, संध्याकाळी तिचं हसू, तिचे शब्द, तिची मान उडवायची लकब घेऊन परत येणार नव्हती. नवरा जेवता जेवता थांबला होता. "एकुलत्या एका मुलीला लांब पाठवायला आई अशी तयार होते," तो म्हणाला, "तुझं मन एवढं मोठं आहे हे मला ठाऊक नव्हतं." तिनं मान खाली घातली. ती कौतुक ऐकत होती आणि चोरीचा माल पदराखाली धरून पोलिसाशी गप्पा माराव्यात तसं तिला होत होतं.

म्हणून लांबच्या शाळेच्या ऑडिशनला भिंगरीबरोबर तीच गेली. लांबलचक, उंच छताचा हॉल होता. पूर्वी तिथं सूतगिरणी किंवा गोदाम असावं. लाकडी जमिनीवर असंख्य टाचांचे ओरखडे होते आणि भिंतभर आरशांवर पडदे ओढलेले होते. मुलं घोळक्यानं उभी होती, पालक भिंतीला टेकून. गाण्याच्या बाई आल्या त्या अनवाणी. ठेंगण्या, केस बारीक कापलेल्या, आणि बोलण्यात जराही गोडवा नसलेल्या. "भिंतीला टेकून उभं राहायची इथं कुणाला परवानगी नाही," त्या म्हणाल्या. "पालकांनाही नाही. चपला काढा, आत या." पालक ओशाळे हसत पुढं झाले. हात बरगड्यांवर ठेवायचे, श्वास खाली सोडायचा, आणि तो परत येताना त्याबरोबर एक 'आ' येऊ द्यायचा. मोठा नाही, गोड नाही, फक्त आपला. मग हळूहळू हॉलमध्ये फिरायचं.

आधी तिनं नुसतंच तोंड उघडलं. सगळीकडून लहानमोठे आवाज येत होते, एक वडील घसा खाकरत होते, कुणाची आई फिसकन हसली. पुढं भिंगरी चालत होती, पाठ ताठ, मान लांब, तयार मुलींसारखी. त्या मानेकडे बघत असताना तिच्या आतून आवाज निघाला. तो तिच्या ओळखीचा नव्हता. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांशी खालच्या पट्टीत बोलताना, हनुवट्या सरळ करताना, 'छान दिसतोय हं तुम्हाला' म्हणताना तो कुठं बसून राहिला होता कोण जाणे. तरुणपणी होता त्यापेक्षा तो जाड झाला होता, खाली गेला होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. तिला वाटलं आपण थांबावं. तेवढ्यात पाठीला, बरगड्यांच्या मागं, एक तळहात लागला. "थांबू नका," बाई म्हणाल्या. अनवाणी पावलांखाली लाकूड थरथरत होतं. आजूबाजूचे आवाज एकेक करून विरत गेले. लोक थांबून ऐकत होते हे तिला कळलं तेव्हा शेवटचा तिचाच राहिला होता, आणि श्वास संपेपर्यंत तिनं तो सोडला नाही. डोळे उघडले तर समोर भिंगरी. भिंगरीच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. जबडा आवळलेला, डोळे किंचित बारीक, आणि ओठांवर लोकांसाठी ठेवलेलं हसू. तो चेहरा तिला पाठ होता. जन्मभर तो तिनं आतून वागवला होता. बाहेरून मात्र आज पहिल्यांदा पाहत होती.

"ह्या तुझ्या आई?" बाईंनी भिंगरीला विचारलं आणि तिच्या गळ्याला एक बोट लावलं. "मग तुझा आवाज इथं का अडकलाय?"

दुपारी एकेकाचं स्वगत झालं. पालकांना मागं बसायची मुभा होती. भिंगरीनं स्वगत स्वतःच बसवलं होतं आणि घरी कुणाला ऐकवलं नव्हतं, निदान तिला तरी नाही. चष्म्याच्या दुकानातली एक बाई. आईनं मन घट्ट केलं. हे आपल्याला ठाऊक आहे, पट्टी, हनुवटी, दोन बोटं. पण ते काही मिनिटांतच संपलं. भिंगरीनं नसलेलं शटर अर्धं खाली ओढलं, मागं कुणी नाही ना बघितलं, आणि आरशापुढं उभी राहून मांडणीतले चष्मे एकेक करून घालू लागली. गोल चष्मा घातला आणि एका घोगऱ्या म्हातारीच्या आवाजात नोकराला झापलं. टोकदार फ्रेम घातली आणि कुठल्याशा नटीच्या आवाजात प्रेक्षकांचे आभार मानले. जाड काळी घातली आणि कुणाला तरी, बहुधा एका बहिणीला, अतिशय थंडपणे सांगितलं की तुला हे काम जमणार नाही. मागच्या खुर्चीत आई बसल्या जागी गार पडली. मालक मागच्या खोलीत दिवे बंद करत असतात तेवढ्या वेळात ती रोज हे करत असे. हे कुणी पाहिलेलं नाही असं तिला वाटत होतं. गेल्या कितीतरी वर्षांत हे एवढंच तिचं स्वतःचं होतं. तिचं नाटक, तिचा प्रयोग, तिकीट नाही आणि टाळी नाही. आणि भिंगरीनं ते कुठूनतरी, अर्ध्या शटरच्या खालून, उचललं होतं. भिंगरीनं शेवटचा चष्मा काढला. उघड्या चेहऱ्यानं आरशापुढं उभी राहिली, बोलायला तोंड उघडलं, आणि त्या चेहऱ्याचा आवाज तिला सापडेना. तिनं पर्स खांद्याला लावली आणि शटरखालून वाकून बाहेर गेली. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. आईनंही वाजवल्या. चोरी झाल्याचं दुःख तिला होतंच, पण त्याच्या तळाशी दुसरं एक होतं, जास्त धारदार. भिंगरीनं ते तिच्यापेक्षा चांगलं केलं होतं. तोंड उघडून आवाज न सापडणं, ते तिला स्वतःला कधी सुचलं नव्हतं.

शाळेच्या कँटीनमध्ये दोघी समोरासमोर बसल्या. चहावर साय धरली.

"तू कशाला गायलीस?" भिंगरी म्हणाली.

"सगळ्यांनीच गायचं होतं."

"मग सगळ्यांसारखं गायचं ना!"

शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वळवली. ती हळू आवाजात म्हणाली, "आणि तू? माझं सगळं चव्हाट्यावर मांडलंस ते?"

"तो अभिनय होता."

"मीही नुसता श्वासच घेत होते."

भिंगरीचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला आणखी राग आला. "मला इथं नकोय," ती म्हणाली. "इथं त्या बाई जन्मभर मला तुझंच उदाहरण देतील. मी मावशीकडेच जाते."

यावर तिला वाईट वाटायला हवं होतं. तिचा सगळा डाव मोडला होता, मुलगी धाकटीच्या ओंजळीत पडत होती. पण तिनं गार चहाचा घोट घेतला आणि तो गोड लागला. कुणीतरी तिच्यावर जळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. परतीच्या बसमध्ये भिंगरी खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि ती डोळे मिटून त्या 'आ'पाशी परत परत जात राहिली. कधी तळहात लागला, कधी आवाज विरले, कधी त्या पोरीचा जबडा आवळला. जबड्यापाशी ती जास्त वेळ रेंगाळत होती हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा बस कुठल्याशा पुलावरून जात होती. पोटच्या पोरीला जळवून आपण गार झालो, असे सरळ शब्द तिच्या मनात उमटले. झोपेत भिंगरीचा गाल काचेवर दबून लहान मुलासारखा फुगला होता. तिनं आपली शाल घडी करून काच आणि गाल यांच्यामध्ये सरकवली. भिंगरीनं झोपेतच ती बाजूला ढकलली.

दोन्हीकडून होकार आले. भिंगरीनं जेवताना जाहीर केलं, "मी इथंच राहणार." नवरा म्हणाला, "चला, जेवायला घरी असशील." तिनं काहीच म्हटलं नाही, आणि तिच्या गप्प बसण्यालाही त्यानं मोठं मन म्हटलं.

त्या आठवड्यात धाकटी दुकानात आली. "मला जवळचं दिसेना," ती म्हणाली. "संहिता हातभर लांब धरून वाचते, मुलं हसतात." तिनं धाकटीला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, समोर स्वतः बसली, गुडघ्याला गुडघे लागले. मिलिमीटरची पट्टी धाकटीच्या भुवयांखाली धरली. "माझ्या नाकाकडे बघ," ती म्हणाली. इतक्या जवळून धाकटीचे डोळे तिनं लहानपणानंतर पाहिले नव्हते. पापण्यांच्या कडांना न निघालेलं काजळ होतं, आणि बाहुल्या जरा जास्तच मोठ्या झाल्या होत्या.

"ताई, तू गायलीस म्हणे."

"सगळेच गात होते. हलू नकोस."

"भिंगरीनं सांगितलं तेव्हा मला झोप लागली नाही." धाकटी तिच्या नाकाकडेच बघत बोलत होती. "मी तुला नाटकाचे पास पाठवायचे, आठवतं? नेहमी खांबाआडचे. तुला वाटायचं मी तुला कमी लेखते."

"मला काही वाटायचं नाही."

"माझ्या डोळ्यांत बघून तरी खोटं बोलू नकोस. एकदा तू पुढच्या रांगेत बसली होतीस, माझ्या अगदी सुरुवातीच्या नाटकात. तू दिसलीस आणि माझा सूर हलला. अख्खा अंक हलत राहिला. त्यानंतर मी तुला समोर बसवलंच नाही."

"मी कुठं गाणारी होते?"

"तेच तर. तू काहीच नव्हतीस. तरी हलायचा."

पट्टीवरचा आकडा तिला दिसेना. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. उलट तिला थोडं लुटल्यासारखं झालं. नाटक धाकटीचं, नाव धाकटीचं, मुलीचं हसूही धाकटीचं. मत्सर तरी आपल्या एकटीचा आहे असं ती समजत होती, तर त्या चादरीचंही दुसरं टोक धाकटीनं धरून ठेवलं होतं. "भिंगरी माझ्याकडे येतेय म्हटल्यावर मला इतका आनंद झाला," धाकटी म्हणाली, "की माझीच मला भीती वाटली. ती तुझी आहे म्हणून मला हवीय गं. तू बोल तिच्याशी." तिनं पुन्हा पट्टी धरली. या वेळी आकडा दिसला. "फ्रेम कुठली घेतेस?" ती म्हणाली. मग दोघींनी मिळून एक फ्रेम निवडली, आणि ती धाकटीला खरंच छान दिसली.

रविवारी दुपारी नवरा झोपला होता. भिंगरी खोलीत जमिनीवर बसून नाचाच्या बुटांना तळाशी नवी चामडी पट्टी चिकटवत होती. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"मी तुला लांब जा म्हणत होते," ती म्हणाली, "ते तुझ्यासाठी नव्हतं. तू मावशीकडे जाऊ नयेस म्हणून होतं."

भिंगरीनं पट्टीच्या कडेला आणखी गोंद लावला.

"तू तिला माझी नक्कल करून दाखवलीस ना, औषधांच्या दुकानापाशी, तेव्हापासून मी जळतेय. तिच्यावर. तुझ्यावरही. तिकडं त्या बाईंनी माझ्या पाठीला हात लावला तेव्हा तुझं तोंड बघून मला बरं वाटलं. आईला असं वाटू नये. पण वाटलं."

"किती बरं वाटलं?"

"खूप."

भिंगरी बुटाचा तळ अंगठ्यानं दाबत राहिली. गोंदाचा उग्र वास खोलीभर पसरला होता. "मग आता मी काय करू?" ती म्हणाली.

"ते मला विचारू नकोस. मला विचारशील तर मी माझ्याच सोयीचं सांगेन. तू गेलीस तर मला वाईट वाटेल आणि राहिलीस तर जास्त वाईट वाटेल. यातलं एकही कारण तुझ्या कामाचं नाही." ती उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "पण शेवटी तोंड उघडलंस आणि आवाज सापडला नाही ना, ते फार चांगलं होतं. ते तुझं होतं. माझं नव्हतं."

त्यानंतर काही दिवस भिंगरी न्हाणीघरात फार वेळ घेऊ लागली. आतून पाण्याच्या आवाजाखाली 'आ' ऐकू येई. गळ्यातला, चिकटलेला, मध्येच फाटणारा. एकदा तो थोडा खाली उतरल्यासारखा वाटला आणि लगेच परत वर पळाला. ती स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत असे. ओरडून 'बरगड्या' म्हणावंसं वाटे. ती ओठ मिटून घेई. शेवटी एका संध्याकाळी, दोघी भांडी विसळत असताना, भिंगरी म्हणाली, "मी तिकडं जाते."

"बरं."

"त्या बाईंचा मला अजून राग आहे. पण त्या खरं बोलल्या. मावशीकडे मला असं कुणी सांगणार नाही. मावशीला मी आवडते, तीच अडचण आहे." तिनं ताट पालथं घातलं. "ते चष्म्यांचं... मी तुला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं," भिंगरी म्हणाली, आणि दोघीही हसल्या. आई जरा उशिरा.

जायच्या दिवशी सकाळी बसस्थानकावर धाकटी नवा चष्मा लावून आली होती. नवरा सामान बसच्या पोटात ठेवायला गेला आणि तिथल्या माणसाला बॅगा कशा रचाव्यात ते शिकवत बसला. भिंगरीनं मावशीला मिठी मारली, मग आईला. तिला वाटलं, मावशीला जरा जास्त वेळ. धाकटीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला उलटं वाटलं. भिंगरी बसमध्ये चढली. तिच्या खिडकीच्या जागेवर आधीच एक मुलगी बसलेली होती, कुरळ्या केसांची, मांडीवर नाचाचे बूट घेतलेली. भिंगरीनं तिला उठवलं नाही. बुटांकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली, ती मुलगी काहीतरी म्हणाली, आणि भिंगरी तिच्या शेजारी बसून ते हसू हसली, जे या दोघी बहिणींपैकी कुणाचं यावर आत्ताआत्तापर्यंत वाद होता.

"कोण गं ती?" धाकटी म्हणाली.

"मला काय माहीत? असेल तिथलीच."

"आगाऊ दिसते."

"केस बघ की," ती म्हणाली.

बस सुरू झाली. दोघींनी एकदमच हात वर केला आणि हलवू लागल्या. भिंगरी आतल्या बाजूला खाली वाकली होती, पिशवीत काहीतरी शोधत. खिडकीतल्या कुरळ्या केसांच्या मुलीनं या दोन बायकांना पाहिलं, क्षणभर गोंधळली, आणि मग सभ्यपणे, बस वळेपर्यंत, त्यांना हात हलवत राहिली.